दुकानातल्या नोकरीत कमिशन कसं मोजतात आणि आपला हिशोब आपण कसा ठेवायचा

सेल्सच्या नोकरीला लागताना जवळपास सगळे एकच प्रश्न विचारतात, कमिशन किती टक्के? समोरचा सांगतो दोन टक्के किंवा तीन टक्के, आपण मनातल्या मनात गुणाकार करतो आणि खूश होऊन सही करून टाकतो. माझं स्पष्ट मत आहे की टक्का हा या हिशोबातला सगळ्यात कमी महत्त्वाचा आकडा आहे. ते टक्के कशावर मोजणार, कमिशन तुमचं झालं असं कधी धरणार, आणि एकदा दिलेलं परत कधी कापून घेणार, या तीन गोष्टींवर महिन्याच्या शेवटी खात्यात काय पडणार ते ठरतं. नवीन मुलं-मुली इथेच फसतात, आणि बऱ्याचदा कोणी मुद्दाम फसवलेलं पण नसतं, फक्त कोणी नीट बसून समजावून सांगितलेलं नसतं, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय.

खालच्या उदाहरणांतले आकडे हिशोब सोपा जावा म्हणून घेतलेत, कुठल्याही चलनात वाचा.

पायरी 1: आधी स्कीमची जात ओळखा

पहिला प्रकार म्हणजे फिक्स पगार अधिक कमिशन. रिटेलमध्ये हाच सगळ्यात जास्त दिसतो. पगार दर महिन्याला ठरलेला, विक्री केली की त्यावर वरचं मिळणार. दुसरा प्रकार म्हणजे नुसतं कमिशन, फिक्स काहीच नाही, विकलं तर मिळणार नाहीतर नाही. फर्निचर, गाड्या, दागिने अशा मोठ्या बिलाच्या मालात हे जास्त चालतं. तिसरा प्रकार ड्रॉचा, म्हणजे पुढे मिळणाऱ्या कमिशनवर दर महिन्याला दिलेली उचल, याच्यावर पुढे वेगळं लिहिलंय कारण यात लोक फार गोंधळतात. चौथा म्हणजे पूल, सगळ्या फ्लोअरची विक्री एकत्र करायची आणि कमिशन स्टाफमध्ये वाटायचं, कधी सारखं तर कधी कामाच्या तासांप्रमाणे.

याशिवाय एक गोष्ट असते जी खरं तर दुकानाची नसतेच, ती म्हणजे ब्रँडकडून मिळणारं इन्सेंटिव्ह, काही जण त्याला स्पिफ म्हणतात. एखादं ठराविक मॉडेल विकलं की नगामागे ठरलेली रक्कम. हे कधी थेट ब्रँडकडून येतं, कधी दुकानाच्या पगारातून. ऑफर समजून घेताना हे वेगळं काढून ठेवा, कारण स्कीम संपली की ते बंद होतं आणि दुकानावर त्याची काही जबाबदारी नसते. इंटरव्ह्यूमध्ये "आमच्याकडे मुलं इतकं इतकं कमावतात" असं सांगतात ना, त्यात हे धरलंय का ते नक्की विचारा.

पायरी 2: टक्के कशावर, हे लेखी घ्या

आता एक बिल जवळून बघू. एका वस्तूची लेबलवरची किंमत 24,000 आहे, टॅक्स धरून. गिऱ्हाइकाला 2,400 चा डिस्काउंट दिला, बिल झालं 21,600. त्यात टॅक्स 8 टक्के धरलेला आहे, म्हणजे टॅक्स काढला की निव्वळ विक्री राहिली 20,000. दुकानाला ती वस्तू 16,000 ला पडली होती, म्हणजे मार्जिन 4,000.

तुम्हाला सांगितलं होतं दोन टक्के. लेबलवर धरले तर 480, बिलावर धरले तर 432, निव्वळ विक्रीवर 400, आणि मार्जिनवर धरले तर फक्त 80. वस्तू एकच, गिऱ्हाईक एकच, टक्का पण एकच, आणि फरक सहापट. बहुतेक दुकानं निव्वळ विक्रीवर देतात आणि ते रास्तच आहे, कारण टॅक्स हा दुकानाचा पैसा नसतोच, तो गोळा करून सरकारला भरायचा असतो.

मार्जिनवर देणारी दुकानं टक्का अर्थातच मोठा ठेवतात. समजा मार्जिनच्या 10 टक्के देतात. मग वरच्या बिलावर तिथे पण 400 च मिळतील, निव्वळ विक्रीच्या दोन टक्क्यांइतकेच. मग फरक काय पडला? फरक डिस्काउंट देताना पडतो. गिऱ्हाईक अडून बसलं म्हणून तुम्ही निव्वळ किमतीत अजून 1,000 सोडले. विक्रीवरच्या स्कीममध्ये तुमचे 400 चे 380 होतील, वीसच गेले. मार्जिनच्या स्कीममध्ये मार्जिन 4,000 चं 3,000 झालं आणि तुमचे 400 चे 300 झाले, शंभर गेले. म्हणजे त्याच हजाराच्या सवलतीचा फटका पाचपट. ज्या दुकानात मार्जिनवर कमिशन असतं तिथले जुने लोक डिस्काउंटचं नाव काढलं की का गप्प होतात ते यावरून कळेल. आणि तिथे अजून एक अडचण असते, मालाची पडलेली किंमत तुम्हाला दिसत नसेल तर तुमचं कमिशन बरोबर निघालं का हे तुम्ही तपासूच शकत नाही. अशा ठिकाणी निदान बिलानुसार मार्जिन दाखवणारा रिपोर्ट मिळेल का ते आधी विचारून घ्या, नाही म्हणाले तर मी तरी तिथे दहादा विचार करेन.

अजून काही गोष्टी विक्रीत धरतात का ते बघावं लागतं: डिलिव्हरी चार्ज, फिटिंगचे पैसे, गिफ्ट कार्ड, एक्सचेंजमध्ये घेतलेल्या जुन्या वस्तूची किंमत. गिफ्ट कार्ड विकलं तेव्हा बहुतेक ठिकाणी कमिशन नसतं, ते वापरून खरेदी होते तेव्हा असतं, आणि ते योग्यही आहे नाहीतर एकाच पैशावर दोनदा द्यावं लागेल. वाढीव वॉरंटी आणि अ‍ॅक्सेसरीजवर टक्का बहुधा जास्त असतो कारण तिथे दुकानाचं मार्जिन जास्त असतं.

पायरी 3: स्लॅब कसा लागतो ते बघा, इथे सगळ्यात मोठा फरक पडतो

बऱ्याच स्कीममध्ये टक्का एकच नसतो, विक्री वाढली की टक्का वाढतो. समजा महिन्याला 3 लाखांपर्यंत 1 टक्का, 3 ते 5 लाखांपर्यंत 2 टक्के आणि 5 लाखांच्या वर 3 टक्के. आता याचे दोन अर्थ निघतात आणि दोन्ही अर्थांनी दुकानं चालतात.

एका पद्धतीत प्रत्येक टप्प्याला त्याचा त्याचा टक्का. 5,20,000 ची विक्री झाली तर पहिल्या 3 लाखांवर 3,000, पुढच्या 2 लाखांवर 4,000 आणि वरच्या 20,000 वर 600, एकूण 7,600. दुसऱ्या पद्धतीत तुम्ही वरच्या टप्प्यात गेलात की पहिल्या पैशापासून सगळ्यावर वरचा टक्का, म्हणजे 5,20,000 च्या 3 टक्के, 15,600. कागदावर दोन्ही स्लॅब तंतोतंत सारखे दिसतात, हातात येणारी रक्कम मात्र दुप्पट.

आता महिनाअखेरीला काय होतं ते बघा. तुम्ही 4,90,000 वर आहात आणि शेवटच्या दिवशी 30,000 चं गिऱ्हाईक आलं. पहिल्या पद्धतीत आधी 6,800 होणार होते ते आता 7,600, म्हणजे या एका बिलाने 800 वाढले. दुसऱ्या पद्धतीत आधी 9,800 होणार होते ते 15,600, म्हणजे एका बिलाने 5,800 वाढले. म्हणूनच दुसऱ्या पद्धतीच्या दुकानात शेवटच्या दोन दिवसांत फ्लोअरवर इतका ताण असतो, सहकारी सहकाऱ्याच्या गिऱ्हाइकाकडे बघायला लागतो आणि जास्तीचे डिस्काउंट सुटतात. जॉइन होताना एवढंच विचारा, "स्लॅब पार झाला की वरचा टक्का सगळ्या विक्रीवर लागतो की फक्त वरच्या भागावर?" आणि उत्तर ईमेलवर घ्या.

याच्याच जोडीला गेट असतो. म्हणजे टार्गेटच्या 80 टक्के झाल्याशिवाय कमिशन सुरूच होत नाही. 79 टक्क्यांवर महिना संपला तर शून्य. गेट असेल तर रजेचे दिवस, आजारपण, दुकान बंद असलेले दिवस यांचं टार्गेट कमी करून देतात का, हे विचारणं फार गरजेचं आहे, कारण आठवडाभर आजारी पडलेल्या माणसाला पूर्ण महिन्याचं टार्गेट ठेवलं तर त्याचा गेट चुकणार हे उघड आहे. आणि कॅप असते, एका मर्यादेच्या वर कमिशन मिळणार नाही अशी. कॅप असलेल्या स्कीममध्ये चांगले विकणारे लोक मर्यादा गाठली की थंड होतात किंवा पुढची बिलं पुढच्या महिन्यात ढकलायला बघतात, त्यामुळे मला ही पद्धत दुकानाच्याही फायद्याची वाटत नाही.

पायरी 4: उचल असेल तर परत फेडायची की नाही

ड्रॉ दोन प्रकारचा असतो, परतफेडीचा आणि बिनपरतफेडीचा. समजा महिन्याला 15,000 ड्रॉ आहे आणि तीन महिन्यांत तुमचं कमिशन झालं 11,000, 18,000 आणि 21,000.

परतफेडीच्या ड्रॉमध्ये पहिल्या महिन्यात हातात 15,000 आले पण 4,000 तुमच्या नावावर बाकी राहिले. दुसऱ्या महिन्यात 18,000 कमावले, हातात 15,000 च आले, वरचे 3,000 बाकीत वळते झाले आणि 1,000 अजून राहिले. तिसऱ्या महिन्यात 21,000 तून ते 1,000 गेले आणि हातात 20,000 आले. तीन महिन्यांचे मिळून 50,000, म्हणजे तुमच्या कमिशनइतकेच, एक पैसा जास्त नाही. दुकानाने फक्त कमी-जास्त महिने सपाट करून दिले.

बिनपरतफेडीच्या ड्रॉमध्ये पहिल्या महिन्याचे 15,000 मिळाले आणि खातं तिथेच बंद, पुढे 18,000 आणि 21,000 पूर्ण मिळाले, एकूण 54,000. कमी विक्रीच्या महिन्याचा भार दुकानाने उचलला.

दोन्हीला तोंडी "ड्रॉ" च म्हणतात, त्यामुळे कागदात बाकी पुढे ओढली जाते का ते वाक्य शोधा. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे नोकरी सोडताना बाकी राहिलेली रक्कम तुमच्याकडून मागणार का. नवीन माणसाची सुरुवातीचे काही महिने विक्री कमीच असते, त्या काळात परतफेडीच्या ड्रॉची बाकी साठत जाते आणि मग माणूस नोकरी आवडत नसताना पण त्या बाकीपायी अडकून राहतो. हे मला मनापासून चुकीचं वाटतं, पण चालतं, म्हणून आधीच माहीत असू द्या.

पायरी 5: रिटर्न आलं की काय कापणार

वस्तू परत आली की तिचं कमिशन परत जाणार हे सगळ्यांना मान्य असतं. भांडणं होतात ती किती आणि कधी यावरून.

वरचंच उदाहरण घेऊ, सगळ्यावर वरचा टक्का लागणारी स्कीम, विक्री 5,20,000, कमिशन 15,600. पुढच्या महिन्यात त्यातली 40,000 ची वस्तू परत आली. एक दुकान म्हणेल 40,000 च्या 3 टक्के, 1,200 कापू. दुसरं दुकान मागचा महिना पुन्हा मोजेल, विक्री 4,80,000 झाली, स्लॅब खाली आला, आता 2 टक्क्यांनी 9,600 च व्हायला हवे होते, म्हणून 6,000 कापू. एकाच रिटर्नवर 1,200 की 6,000. दुसऱ्या पद्धतीचं दुकान असेल तर स्लॅब जेमतेम पार झालेल्या महिन्याचे सगळे पैसे लगेच खर्च करू नका, रिटर्नची मुदत संपेपर्यंत थोडे बाजूला ठेवा.

बदलून देण्याच्या केसवर बारीक लक्ष ठेवा. गिऱ्हाईक नुसता रंग किंवा साइज बदलायला येतं, त्या दिवशी तुम्ही नसता, काउंटरवरचा दुसरा कोणीतरी सिस्टिममध्ये आधी रिटर्न मारतो आणि नवीन बिल स्वतःच्या कोडवर, म्हणजे सिस्टिममधल्या स्वतःच्या विक्रेता-नंबरवर, करतो. त्याच्या मनात काही वाईट नसतं, सिस्टिममध्ये तसंच होतं. पण तुमच्या नावावर वजा झालं आणि त्याच्या नावावर जमा झालं. याचा इलाज सोपा आहे, एक्सचेंजच्या बिलावर मूळ विकणाऱ्याचाच कोड टाकायचा असा नियम मॅनेजरकडून सगळ्यांसमोर करून घ्यायचा. महिना संपल्यावर सांगायला गेलात तर बिल सापडायलाच वेळ जातो.

ऑर्डर घेऊन नंतर डिलिव्हरी होणाऱ्या मालात कमिशन कधी धरतात, ऑर्डरच्या दिवशी, पूर्ण पैसे आल्यावर की डिलिव्हरी झाल्यावर, हे वेगळं विचारा. हप्त्यावर घेतलेल्या वस्तूचं लोन नामंजूर झालं तर ती विक्री झालीच नाही असं धरतात. आणि डिलिव्हरीच्या दिवशी धरत असतील तर गोदामातून माल उशिरा आल्यामुळे तुमची विक्री पुढच्या महिन्यात जाते आणि या महिन्याचा गेट चुकतो, तुमचा काहीही दोष नसताना. चांगल्या दुकानात अशा बिलांना सूट देतात, पण मागावी लागते.

पायरी 6: विक्री कोणाच्या नावावर

कॅशियरने बिल करताना तुमचा कोड टाकला नाही तर ती विक्री दुकानाच्या खात्यात जाते आणि तुम्हाला काही मिळत नाही. गर्दीच्या दिवशी हे सर्रास होतं. गिऱ्हाइकाला काउंटरपर्यंत सोडायला जा, कोड तोंडाने सांगा, बिलाचा नंबर टिपून घ्या. नुसती ही सवय लावली तरी बरीच गळती थांबते.

त्याहून अवघड केस म्हणजे परत येणारं गिऱ्हाईक. तुम्ही तासभर सगळं दाखवलं, ती बाई म्हणाली घरी विचारून येते, आणि आली ती तुमच्या सुट्टीच्या दिवशी. विक्री कोणाची? काही ठिकाणी बिल करणाऱ्याची, काही ठिकाणी अर्धी-अर्धी, काही ठिकाणी तुम्ही कोटेशन नोंदवून ठेवलं असेल तर तुमची. म्हणून गिऱ्हाईक विचार करून येतो म्हणालं की रिकाम्या हाताने पाठवू नका, सिस्टिममध्ये कोटेशन करा, त्याच्यावर तुमचं नाव येऊ द्या. ऑनलाइन बुक करून दुकानातून उचलायच्या ऑर्डरचंही तसंच, कमिशन कोणाला, की कोणालाच नाही, हे आधी कळलेलं बरं.

पायरी 7: ऑफर आली की टार्गेट शक्य आहे का ते स्वतः काढा

हे काम जॉइन व्हायच्या आधी करायचं, पण वरच्या गोष्टी समजल्याशिवाय करता येत नाही म्हणून इथे घेतलं. चार आकडे लागतात, महिन्याला दुकानात किती लोक येतात, त्यातले किती घेतात, सरासरी बिल किती आणि फ्लोअरवर स्टाफ किती.

समजा महिन्याला 3,000 लोक येतात, शंभरातले वीस घेतात म्हणजे 600 बिलं, सरासरी निव्वळ बिल 4,000, एकूण विक्री 24 लाख. फ्लोअरवर आठ जण असतील तर माणशी आले 3 लाख. आता तुमचं टार्गेट 5 लाख सांगितलं असेल तर सगळ्यांनी जिवाचं रान केलं तरी फार तर तीन-चार जणांचंच होऊ शकतं, बाकीच्यांच्या वाट्याला गिऱ्हाईकच उरत नाही. तुमच्या बोलण्यात किंवा मेहनतीत काही कमी नाही, गणितच जमत नाही. आणि दुकानाने स्टाफ आठचा दहा केला तर माणशी 2,40,000 येतात, दुकानाची विक्री तीच आणि प्रत्येकाची कमाई खाली. त्यामुळे स्टाफ वाढवणार आहात का हा प्रश्न टक्क्याच्या प्रश्नाइतकाच कामाचा आहे.

दुकान हे आकडे देत नसेल तर एखाद्या साध्या वारी आणि एखाद्या सुट्टीच्या दिवशी गिऱ्हाईक म्हणून जाऊन तासभर थांबा, आत किती येतात आणि पिशवी घेऊन किती बाहेर पडतात ते मोजा. अंदाज ढोबळ येईल पण येईल. इंटरव्ह्यूमध्ये "तुमचा टॉप माणूस किती कमावतो" हे विचारू नका, ते सांगायला सगळे तयारच असतात. विचारा की मागच्या सहा महिन्यांत स्टाफपैकी किती जणांचा गेट पार झाला आणि सगळ्यात मंद महिना कोणता होता.

पायरी 8: कायदा कुठे मदत करतो

प्रत्येक देशाचा नियम वेगळा आहे, तरी कोणते प्रश्न विचारायचे ते काही उदाहरणांवरून कळतं.

किमान वेतन हा पहिला प्रश्न. ब्रिटनमध्ये कमिशन किमान वेतनात धरता येतं, पण सगळं मिळूनही तासाचा दर किमान वेतनाच्या खाली गेला तर फरक मालकाने भरायचा असतो, म्हणजे नुसत्या कमिशनवरच्या माणसालाही खाली एक आधार आहे. ओव्हरटाइम हा दुसरा. अमेरिकेच्या 1938 च्या फेअर लेबर स्टँडर्ड्स अ‍ॅक्टच्या कलम 7(आय) प्रमाणे रिटेलमधल्या कर्मचाऱ्याचा तासाचा दर किमान वेतनाच्या दीडपटीच्या वर असेल आणि त्याची निम्म्याहून जास्त कमाई कमिशनची असेल तर त्याला ओव्हरटाइमचा जादा दर न देण्याची मुभा आहे. म्हणजे कमिशनचं प्रमाण वाढलं की एखादा हक्क जाऊ पण शकतो, हे खूप जणांना माहीत नसतं.

लेखी करार हा तिसरा. कॅलिफोर्नियात 2013 पासून कमिशनचा करार लेखी हवा, कमिशन कसं मोजणार आणि कसं देणार ते त्यात हवं आणि सही केलेली प्रत कर्मचाऱ्याला मिळायला हवी. तुमच्याकडे असा कायदा असो वा नसो, मागायला कोणी अडवत नाही. चौथा रजेचा. रजेवर असताना विक्री होत नाही आणि त्याचा फटका पुढच्या महिन्यांच्या कमिशनला बसतो, ब्रिटिश गॅसच्या एका सेल्समनच्या केसमध्ये युरोपियन कोर्टाने 2014 साली सांगितलं की रजेच्या पगारात कमिशनचाही विचार व्हायला हवा. आणि पाचवा, पगार म्हणजे नक्की काय. भारताच्या 2019 च्या वेतन संहितेत वेतनाच्या व्याख्येतून कमिशन वगळलंय, पण असे वगळलेले घटक मिळून एकूण मोबदल्याच्या निम्म्याच्या वर गेले तर वरचा भाग वेतनात धरायचा असतो. पगारावर मोजले जाणारे इतर फायदे कमिशन धरून आहेत की सोडून, हे एचआरला विचारायचं ते यासाठी.

पायरी 9: स्वतःची वही, रोजच्या रोज

मोबाइलमधली शीट असो की कागदाची वही, रोज दुकान बंद व्हायच्या आधी पाच मिनिटं. तारीख, बिल नंबर, वस्तू, टॅक्स सोडून रक्कम, डिस्काउंट, कोणाच्या कोडवर, आणि डिलिव्हरी बाकी असेल तर तशी खूण. रिटर्न आलं की नवीन ओळ वजा चिन्हाने, जुनी ओळ खोडायची नाही, नाहीतर मागचा महिना परत मोजता येत नाही. गिऱ्हाइकाचं नाव, फोन नंबर लिहू नका, ती दुकानाची आणि गिऱ्हाइकाची खासगी माहिती आहे आणि बिल नंबरवरून सगळं निघतं.

पगाराची स्लिप आली की आपली बेरीज आणि त्यांची बेरीज लावून बघा. फरक दिसला तर "माझं कमिशन कमी आलंय" असं बोलू नका, त्याला कोणी उत्तर देऊ शकत नाही. असं लिहा, "अमुक तारखेची ही तीन बिलं माझ्या रिपोर्टमध्ये दिसत नाहीत, त्यांची निव्वळ रक्कम एवढी, कृपया तपासावं." सोबत बिल नंबर. ईमेलवर लिहा, तोंडी बोललात तर नंतर दोन ओळींचा मेल टाका. हिशोब काढणारा माणूस पण शंभर जणांचं काम बघत असतो, त्याला नेमकी ओळ दाखवली की दुरुस्ती लवकर होते. तक्रार करायची मुदत किती दिवसांची आहे ते स्कीमच्या कागदात बघून ठेवा.

घरखर्चाचं म्हणाल तर भाडं, हप्ते, शाळा यांसारखे ठरलेले खर्च फिक्स पगारात बसवा, नुसतं कमिशन असेल तर मागच्या वर्षभरातल्या सगळ्यात कमी महिन्याच्या आकड्यात. सरासरीवर हप्ते ठरवू नका, सरासरी चांगली असली तरी लागोपाठ दोन मंद महिने आले की बँक सरासरी बघत नाही.

पायरी 10: कमिशनपायी गिऱ्हाईक तोडू नका

हे मी फार मनापासून सांगतोय. 1992 साली अमेरिकेत सिअर्स या मोठ्या दुकान-साखळीच्या गाड्या दुरुस्त करणाऱ्या सेंटरवर गरज नसलेली कामं गळ्यात मारल्याचा आरोप कॅलिफोर्नियाच्या ग्राहक खात्याने केला, तिथल्या सल्लागारांना कामाच्या विक्रीवर कमिशन होतं, आणि कंपनीने मग ती कमिशनची पद्धतच बंद केली. बेस्ट बाय या तिथल्याच इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकान-साखळीने तर त्याच्याआधीच, 1989 मध्ये, फ्लोअरवरचं कमिशन काढून टाकलं होतं, गिऱ्हाइकाला मागे लागणारा सेल्समन नको असतो हे ओळखून. स्कीम चुकीच्या दिशेने ढकलत असेल तर शेवटी गिऱ्हाईकही जातं आणि कमिशनही जातं. गरज नसलेली वॉरंटी विकली तर ती रद्द होऊन परत येते, तुमचं कमिशन कापलं जातं आणि ते गिऱ्हाईक पुन्हा तुमच्याकडे येत नाही. याउलट गिऱ्हाइकाचा वापर नीट विचारून जी वस्तू खरंच चालेल तीच दिली तर रिटर्न कमी येतात, आणि पाचव्या पायरीत बघितलं तसं रिटर्नच सगळ्यात महाग पडतं.

पायरी 11: सोडताना

राजीनामा देण्याच्या आधी कागदातलं एक वाक्य शोधा, कमिशन कमावल्याच्या दिवशी तुमचं होतं की पैसे देण्याच्या दिवशी तुम्ही नोकरीत असाल तरच मिळतं. दुसरं असेल तर आणि या महिन्याचं कमिशन पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेला देत असतील, तर दहा तारखेला बाहेर पडलात की पूर्ण महिन्याची कमाई जाऊ शकते. सगळ्याच देशांत असं वाक्य कायद्यापुढे टिकतं असं नाही, पण कोर्टकचेरी करण्यापेक्षा तारीख आठवडाभर पुढे ढकलणं सोपं.

मग तीन याद्या काढा. डिलिव्हरी बाकी असलेल्या ऑर्डर, रिटर्नची मुदत अजून चालू असलेली बिलं, आणि ड्रॉची बाकी असेल तर ती. पहिल्या यादीचं कमिशन तुम्ही गेल्यावर मिळणार का आणि कोणाच्या नावावर जाणार, हे फुल अँड फायनलच्या आधी मेलवर विचारा. दुकानं फायनल हिशोबातून रिटर्नपोटी काही रक्कम रोखून ठेवतात, ती किती आणि किती दिवसांनी सोडणार याची तारीख लिहून घ्या. सिस्टिमचं लॉगिन शेवटच्या दिवशी संध्याकाळी बंद होतं, त्यामुळे स्वतःच्या विक्रीचे महिन्यांचे रिपोर्ट आणि स्कीमच्या कागदाची प्रत त्याच्या आधीच रीतसर एचआरकडून मागून घ्या.